गावभराची भाची

झुलाल नाना सोनगीर ते धुळे काळी-पिवळी चालवतो. जीपमध्ये किती माणसं बसवायची हे कागदावर लिहिलेलं आहे आणि तो कागद सीटखाली आहे, त्यामुळे त्याचा कुणाला त्रास होत नाही. बाकीचे ड्रायव्हर माणसं कोंबताना ‘सरका, सरका’ म्हणून ओरडतात आणि शिव्या खातात. नाना ओरडत नाही. तो मागे वळून विचारतो, “गाव कोनतं? माय कोठली?” एवढ्या भांडवलावर गाडी हायवेला लागायच्या आत तो कुठल्याही दोन अनोळखी माणसांचं नातं काढून देतो. शिंदखेड्याची म्हातारी कापडण्याच्या तरुणाची चुलत आत्या निघते. आता आत्याला जागा नाही कशी म्हणणार? तरुण सरकतो. आत्या बसते, आत्याची पिशवी बसते, आणि पिशवीतली कोंबडी तरुणाच्या मांडीवर बसते.

एकदा त्याने कोल्हापूरहून आलेल्या एका औषध कंपनीच्या माणसाला नरडाण्याच्या भाजीवालीचा भाऊ करून टाकलं. तो माणूस शेवटपर्यंत नाही नाही म्हणत होता, पण भाजीवालीला पटलं होतं. धुळ्याला उतरताना तिने त्याच्या बॅगेत चार वांगी घातली आणि वहिनीला विचारलंय म्हणून सांगितलं.

मी नवल. नानाच्या भिंतीला लागून माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे नानाबद्दल त्याला स्वतःला माहीत नसेल तेवढं मला माहीत आहे. माणूस चांगला आहे. बायको गेल्यावर स्वतः भाकरी टाकायला शिकला, दारू पीत नाही, उधारी ठेवत नाही. पण हे नात्याचं वेड एकदा फार महागात पडलं, आणि महागात पडलं ते त्याला नाही, त्याच्या मुलीला.

त्याची मुलगी रत्ना गावच्या शाळेत दहावीला पहिली आली होती. त्याच उन्हाळ्यात प्रेमराज एक स्थळ घेऊन आला. प्रेमराज मूळचा सोनगीरचाच. धुळ्याला जाऊन कापसाच्या धंद्यात शिरला, जिनिंगचा मालक झाला, आणि ‘प्रेमा’चा ‘आबा’ झाला. त्याने आणलेल्या स्थळाचा मुलगा सुरतेला साडीच्या कारखान्यात होता. मुलगा कसा आहे, कुठे बसतो-उठतो, हे विचारायला नानाला सवड झाली नाही, कारण तो नातं काढत बसला होता. मुलगा नानाच्या मावसबहिणीच्या जावेचा पुतण्या निघाला. झालं. घरचाच मुलगा म्हणून नानाने सुपारी फोडली. रत्नाला कुणी काही विचारलं नाही, आमच्याकडे नातं निघालं की नवरीला विचारायचं राहूनच जातं.

काही वर्षांतच रत्ना कडेवर पुनमला घेऊन परत आली. घरच्याच मुलाने सुरतेत दुसरं घर केलं होतं. प्रेमराज चौकशीला आला नाही आणि नाना जाब विचारायला गेला नाही. रत्नाने शिलाई मशीन घेतलं, गावाचे ब्लाउज शिवायला लागली आणि बोलायची कमी झाली. तिचा स्वभावच तसा, असं म्हणून गाव मोकळं झालं. मीही तसंच म्हणायचो.

पुनमची गोष्ट मात्र वेगळी. आमच्या खान्देशात मामा भाचीच्या पाया पडतो. बाहेरच्या माणसाला सांगितलं की तो हसतो, हसू द्या. आईच्या माहेरात वाढलेल्या पोरीला तर गावातला आईला भाऊ लागणारा प्रत्येक पुरुष मामा, मग वय काही असो. म्हणजे सरपंच मामा, तलाठ्याचा शिपाई मामा, मी मामा, गाद्या भरणारा नूर महंमदही मामा. तो पाया पडत नाही, त्याच्यात ती रीत नाही. तो तिच्या डोक्यावर हात ठेवतो आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, न चुकता खरबूज आणून देतो. बाकी सगळे वाकतात. पुनमला चालायला लागल्यापासून पांढऱ्या टोप्या आपल्यापुढे खाली जाताना बघायची सवय. खेळायच्या घाईत असली तर ती नुसता पाय पुढे करायची. दळण घेऊन गिरणीत आली की मी वाकायचो आणि माझ्या कपाळाचं पीठ तिच्या पायाला लागायचं. भाचीने मात्र मामाच्या पाया पडायचं नसतं. पडली तर पाप मामाला लागतं, तिला नाही. ही सोय कुणी केली माहीत नाही, पण पोरींच्या बाजूने केलेल्या मोजक्या सोयींपैकी ही एक आहे.

तर ही पुनम दहावीला तालुक्यात पहिली आली. गणितात तर तिने एकही मार्क सोडला नाही. तिला विज्ञान घ्यायचं होतं, आणि ते जळगावला. जीप आणि शिलाई मशीन मिळून ते जमणारं नव्हतं हे तिघांनाही कळत होतं. गावातल्या बायकांनाही कळत होतं, कारण निकालाच्या दिवशीच दोघीजणी पेढा खाता खाता “पोर कितली मोठी झायी” म्हणून एकमेकींकडे बघत होत्या. आमच्याकडे हे वाक्य असं बघत म्हटलं की त्यापुढे स्थळ येतं. रत्नाने त्या दोघींच्या हातावर पेढा ठेवला आणि दार लोटून घेतलं.

आणि मग निरोप आला की प्रेमराज आबांच्या वडिलांच्या नावाची शिष्यवृत्ती पुनमला मिळाली आहे. कै. पुना आबा गुणवंत विद्यार्थी शिष्यवृत्ती. जळगावचं कॉलेज आणि वसतिगृह, दोन्ही वर्षांचं सगळं. अट एवढीच की धुळ्याच्या समारंभात येऊन स्वतः स्वीकारायची.

एरवी प्रेमराजचं नाव निघालं की नाना जीपची काच खाली करून बाहेर थुंकतो. या वेळी थुंकला नाही. काच खाली केली, थोडं थांबला, आणि परत वर केली.

समारंभाच्या दिवशी नानाने जीप भरली ती गावातल्या मामांनीच. सगळ्यांचं नातं आधीच ठरलेलं असल्यामुळे भरायला अजिबात वेळ लागला नाही. पुढे नाना, गिअरच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून मी, खिडकीशी नूर महंमद. मधे रत्ना आणि पुनम, आणि उरलेल्या जागेत भाईदास, हाही एक मामाच, जो अंगाने एकटाच दोघांचा आहे. मागे कोण कोण होतं ते उतरल्यावर कळलं.

मंगल कार्यालयाच्या दारात बॅनर होता. वर प्रेमराज आबा हात जोडून, त्यांच्या खाली त्यांचे वडील, बाजूने शुभेच्छुक, शुभेच्छुकांची मुलं, एका शुभेच्छुकाचा बुलेटवर बसलेला फोटो. ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला ती गुणवंत पोरं सगळ्यात खाली, पोस्टाच्या तिकिटाएवढी. पुनमचा चेहरा नेमका बॅनर बांधायच्या दोरीखाली गेला होता. मागच्या बाजूला कढईत बट्ट्या तळत होत्या आणि वरणाला फोडणी बसली होती. खरं सांगायचं तर आमच्यातले निम्मे मामा त्या वासावर आले होते.

मुलांना आधी बोलावलं होतं, तालमीसाठी. जीवराम सर म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक दरवर्षी सूत्रसंचालन करतात. त्यांनी मुलांना रांगेत उभं केलं आणि समजावलं, “नाव पुकारलं की डावीकडून यायचं. पाकीट उजव्या हातात घ्यायचं. मग आबांच्या पाया पडायचं आणि फोटो निघेपर्यंत वाकलेलंच राहायचं. मागच्या वर्षी एक मुलगा लवकर उठला, फोटोत नुसते आबांचे पाय आले.”

मुलं एकेक करून रिकाम्या खुर्चीसमोर वाकली. त्या खुर्चीला लाल मखमल आणि सोनेरी हात होते. लग्नात नवरदेवासाठी ठेवतात तीच. पुनमची पाळी आली. तिने हात जोडले आणि पुढे गेली.

“अगं, वाक,” सर म्हणाले.

“आबा सोनगीरचे आहेत ना, सर?” पुनमने विचारलं. “मग ते माझे मामा लागतात. मी पाया पडले तर त्यांना पाप लागेल.”

सरांनी चष्मा काढून पुसला. “बाळ, हा शिष्यवृत्तीचा कार्यक्रम आहे. साखरपुडा नाही. इथे मामा-भाचा काही नसतं.”

“सर, ह्या खुर्चीवर कोणी बसो, आबा माझे मामाच.”

खाली बसलेल्या नानाने मांडीवर थाप मारली. “बरोबर बोलनी,” तो म्हणाला, आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी माणसाला ही माझी नात म्हणून सांगितलं.

सरांचा मात्र आवाज चढला. “ज्याला पाया पडायचं नसेल त्याचं नाव मी पुकारणार नाही. पुढच्या नंबरच्या मुलाला जाईल शिष्यवृत्ती. तो तयारच आहे.” पुढच्या नंबरचा मुलगा खरोखरच तयार होता. तो सांगितलं नसताना आणखी एकदा वाकला.

रत्ना उठली आणि पुनमचा हात धरून तिला मागे, कढईपाशी घेऊन गेली. आम्हीही गेलो. आचाऱ्याला वाटलं आम्ही पंगतीची घाई करायला आलोय.

“वाकी ले,” रत्ना म्हणाली.

“माय, मी वाकनू ते उद्या नवलमामा मन्हा पाया कसा पडी?” पुनम माझ्याकडे बघत म्हणाली.

“तो पडी. त्याले दुसरं काय काम शे.”

“पद्धत शे रत्ना,” नाना मधे पडला. “आपली पोर वाकाव नही. प्रेमराजना पुढे ते बिलकूल नही.”

रत्नाने बापाकडे बघितलं. मग पुनमकडे वळून ती म्हणाली, “सासरले मी रोज वाकनू. उठताबसता वाकनू. त्यानावर काहीच भेटनं नही. तुले एकदाव वाकनं शे, नि दोन वरीस शिकाले भेटस. वाक, बेटा. फोटो निघस तवलोंग वाक.”

मी रत्नाच्या बाजूने होतो. पाप लागलं तर लागेल प्रेमराजला, तेवढं त्याच्या अंगात मावेल. मी नानाला तसं बोललोही, “नाना, तुमनी पद्धतना पायी पोरनं वरीस जाई.” नाना म्हणाला, “पद्धत मन्ही नही, गावनी शे.” मला राग आला. गावाच्या पद्धतीने एका पोरीचं एकदा झालं होतं तेवढं पुरे होतं. पण बट्ट्यांच्या कढईसमोर उभं राहून हे बोलता येत नाही.

पुनमने आईच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि सरांना जाऊन सांगितलं, “पडते.” नानाची मान खाली गेली. तो जाऊन जागेवर बसला आणि पुढच्या अनोळखी माणसाशी बोलेनासा झाला.

कार्यक्रम सुरू झाला तसा पाहुण्यांचा सत्कार सुरू झाला. आमच्याकडे गुणवंतांच्या सत्काराला येणाऱ्या पाहुण्यांचा सत्कार आधी करावा लागतो, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार. शाल, नारळ, टोपी, शाल, नारळ, टोपी. एका पाहुण्याला चुकून दोनदा शाल दिली तर त्याने दोन्ही ठेवून घेतल्या. मग भाषणं. एकाने विद्यार्थ्यांना मोबाइलपासून दूर राहायला सांगितलं आणि बोलता बोलता त्याचाच मोबाइल वाजला. प्रेमराज आबा लाल खुर्चीत बसले होते. अंगाने भरलेले, पांढरे शुभ्र कपडे, दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, त्यामुळे पाय समोर लांब ठेवून. बूट आधीच काढून ठेवले होते, नमस्काराच्या सोयीसाठी.

मग मुलं. नाव, पाकीट, वाकणं, फोटो. नाव, पाकीट, वाकणं, फोटो. तालीम चांगली झाली होती.

“तालुक्यात प्रथम, कुमारी पुनम,” जीवराम सर म्हणाले, आणि तिच्याकडे बघून त्यांनी मान खाली करून दाखवली.

पुनम डावीकडून गेली. पाकीट पुढे आलं. ती वाकायला लागली. अर्ध्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मी तिला जन्मापासून बघतोय, मला लगेच कळलं. पोरीला हट्ट करायचा नव्हता. आईला शब्द दिला होता आणि तो तिला पाळायचा होता. पण तिचं अंग ऐकत नव्हतं. मामासमोर खाली जायची त्या पाठीला कधी सवयच लागली नव्हती. फोटोग्राफरने मान वाकडी करून बघितलं, आबांनी सोयीसाठी पाय थोडे पुढे केले, आणि पुनम सरळ उभी राहिली.

“पाया पड,” सर पुटपुटले. ते माईकसमोरच पुटपुटले, त्यामुळे सगळ्या मंगल कार्यालयाने ऐकलं.

“मी सोनगीरची भाची आहे, आबा,” पुनम म्हणाली. “मी वाकले तर पाप तुम्हाला लागेल. मला शिष्यवृत्ती हवी आहे. पण हे मला होत नाहीये.”

मोठ्या शहरातला कार्यक्रम असता तर लोक हसले असते. धुळ्यात बसलेला माणूस अर्धा गावचाच असतो. कुणी हसलं नाही. बायकांच्या बाजूने एक म्हातारी म्हणाली, “खरं शे ना ते.” पण रत्नाने डोळे मिटून घेतले होते. तिला समोर काय दिसत असेल ते मला दिसत होतं. ते पाकीट अजून आबांच्याच हातात होतं.

आबांनी भुवया वर केल्या. “सोनगीरनी? कोनी पोर शे तू?”

“रत्नाची.”

“कोन रत्ना?”

नाना उभा राहिला. “मन्ही रत्ना,” तो खालून म्हणाला. “सुरतले दिन्ही व्हती ती.”

आबांनी खाली बघितलं. नाना दिसला, आणि नानाच्या पलीकडे बायकांत बसलेली रत्ना दिसली. ते हसायला गेले, ते जमलं नाही. मग त्यांनी हात हलवला आणि म्हणाले, “बरं, राहू द्या, राहू द्या. उशीर होतोय. पुढचं नाव घ्या सर.” पाकीट त्यांनी मांडीवर ठेवलं. पुढच्या नंबरचा मुलगा पायरीवर आला होता.

तेवढ्यात आमच्या रांगेतला नूर महंमद उठला. त्याला मधुमेह आहे, फार वेळ उपाशी बसवत नाही, त्यामुळे आम्हाला वाटलं तो जेवायला निघाला. तो स्टेजकडे निघाला. “भाची उभी शे, नि मामा बठ्ठा बठेल शेतस?” तो जाता जाता आम्हाला म्हणाला. स्टेजवर चढून त्याने पुनमच्या डोक्यावर हात ठेवला, आणि बाजूला उभा राहिला. त्याच्यामागून भाईदास चढला. पायऱ्या करकरल्या. त्याने टोपी काढली आणि तो वाकला. मग मी. मग जीपच्या मागच्या बाकावरून आलेले सगळे, ज्यांची नावं मला जाताना कळली नव्हती. जीवराम सर “अहो, रांगेत या, म्हणजे येऊ नका” असं काहीतरी म्हणत होते. सभेतली मूळची सोनगीरची दोन-तीन माणसं, ज्यांचा या पोरीशी काही संबंध नव्हता, तीही उठून आली, कारण मामा तर तेही होते. फोटोग्राफर कुणाचा फोटो काढायचा ते न कळून सगळ्यांचेच काढत होता.

मी वाकलो तेव्हा पुनमचे पाय थरथरत होते. एवढ्या वर्षांत मी तिच्या पाया पडलो ते रीत म्हणून, अर्धं लक्ष गिरणीच्या पट्ट्याकडे ठेवून. त्या दिवशी मनापासून पडलो. घाबरलेली असूनही ती सरळ उभी राहिली होती. मला तेवढं आयुष्यात एकदाही जमलेलं नाही.

भाईदास खाली उतरताना आबांच्या खुर्चीपाशी थांबला. दोघं एका वर्गात होते. “प्रेमा,” तो म्हणाला, “तू बी सोनगीरनाच ना?”

धुळ्यात आबांना प्रेमा म्हणणारं कुणी उरलेलं नाही. आबा थोडा वेळ भाईदासकडे बघत राहिले, मग खुर्चीच्या सोनेरी हातांवर जोर देऊन उठले. उठले खरे, पण वाकता येईना. डॉक्टरांनी गुडघे वाकवायचे नाहीत म्हणून सांगितलं होतं, आणि कंबरेने त्याआधीच हात टेकले होते. दोघांनी दंडाला धरलं तरी ते अर्ध्यातच अडकले. आता हा तमाशा म्हणजे आमच्या लोकांना जेवणापेक्षा प्यारा. सभेतून सूचना सुरू झाल्या. चौरंग आणा. टेबल आणा. आबांना आडवं करा. शेवटी म्हातारीच ओरडली, “अरे, पोरले खुर्चीवर उभी करा ना.”

आणि पुनमला त्या लाल मखमलीच्या खुर्चीवर उभं केलं. तिने आधी चपला काढल्या. आबांनी तिच्या पावलांवर कपाळ टेकवलं. फार वेळ टेकवलं. फोटोग्राफरला हवा तेवढा वेळ मिळाला. वर येताना ते म्हणाले, “मन्हं चुकनं, बेटा.” माईक जवळच होता. लोकांना वाटलं भाचीला ओळखलं नाही म्हणून म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. आम्हाला माहीत होतं कशाबद्दल ते. पाकीट त्यांनी दोन्ही हातांनी दिलं. पुढच्या नंबरच्या मुलालाही मग काहीतरी द्यावं लागलं, त्याला उरलेली एक शाल दिली.

वरण-बट्टी गार झाली होती, तरी नानाने ती तीनदा घेतली. पंगतीत तो ओळीने सगळ्यांना सांगत होता, आपली पद्धत काय चीज आहे ते. परत निघाल्यावरही गाडीत तेच. नगावबारी मागे पडली तरी तोंड थांबेना.

“देखं का रत्ना?” तो आरशात बघून म्हणाला. “आख्खा धुळाना पुढे वाकाडं त्याले. मन थंड झायं ना आते?”

रत्नाच्या मांडीवर पाकीट होतं. ती म्हणाली, “पाया पुनमना पडना तो. लगीन मन्हं लाई दिन्हं व्हतं.”

नानाने गिअर बदलला. माझ्या गुडघ्याला लागला, तरी मी हललो नाही. “बोलना ना तो,” नाना म्हणाला. “चुकनं म्हने.”

“तो बोलना. तुम्ही कधी बोलनात?”

मला गाडीतून उतरावंसं वाटत होतं, पण काळी-पिवळीत मधल्या माणसाला उतरता येत नाही. नूर महंमद खिडकीबाहेर बघत होता. पुनम आईकडे बघत होती. तिने आईला एवढं बोलताना ऐकलंच नसेल.

“पुनमसंगे मी बी जळगावले जास,” रत्ना पुढे म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “वसतिगृहना जवळ खोली लिसू. तठे बी लोके ब्लाउज घालतस. आनि मी बी दहावी पास शे, पहिली उनेल. अकरावीनं फारम मी बी भरसू.”

“ह्या वयमा?” नाना म्हणाला. “आनि आठे घर? गाव काय म्हनी? जरा इचार ते करना पडी, पोरी. बठीसन बोलूत, इचारूत चार जनले.”

“तव्हय माले कोनी इचारं नही,” रत्ना म्हणाली. “आते मी बी इचारस नही. सांगस.”

फाट्यावर दोन माणसांनी हात केला. नानाने गाडी थांबवली नाही. अशा गाडीला हात करून ती न थांबल्याचं त्या दोघांनाही आश्चर्य वाटलं असेल, ते मागे वळून बघत राहिले. सोनगीरचा किल्ला दिसायला लागला तेव्हा नानाने घसा खाकरला, रस्त्यावरची नजर न काढता.

“मन्हं बी चुकनं, रत्ना,” तो म्हणाला.

“हां,” रत्ना म्हणाली, आणि पुनमला विचारायला लागली, जळगावला खोल्या कुठल्या बाजूला मिळतात.